बेलबाग चौकातली रांग

अनंत चतुर्दशी उलटली की पुण्यात दोन दिवस एकच प्रश्न फिरतो. यंदा किती तास? धावफलक विचारावा तसा हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर ऐकून निम्मं गाव मान डोलावतं, निम्मं कपाळाला हात लावतं. २०२५ साली मिरवणूक नेहमीपेक्षा तासभर आधी, सकाळी साडेनऊला निघाली. तरी ती संपायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. मग ठरलेला वाद ठरलेल्या सुरात सुरू झाला. एका बाजूने आलं, ‘टिळकांना हेच अपेक्षित होतं का?’ दुसऱ्या बाजूने आलं, ‘सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, तिला हात लावाल तर याद राखा.’ गंमत अशी की दोघेही इतिहासाच्या नावाने बोलतात आणि त्या इतिहासाचं पान उलटायची तसदी दोघेही घेत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. विसर्जन मिरवणूक राहिली पाहिजे, आणि ती लक्ष्मी रस्त्यावरच राहिली पाहिजे. तिला मैदानात किंवा गावाबाहेर हलवणं म्हणजे लग्नाला बोलावून नवरदेवाला मांडवाबाहेर बसवण्यासारखं होईल. पण ती ज्या दिवशी निघते त्याच रात्री संपली पाहिजे. आणि वेळ कमी करण्याची सुरुवात रांगेतल्या शेवटच्या मंडळापासून न होता पहिल्यापासून झाली पाहिजे. पुण्यातला मान हा क्रमाचा मान आहे. रस्ता किती वेळ अडवायचा, याचा तो परवाना कधीच नव्हता.

टिळकांना काय अपेक्षित होतं, हा प्रश्न ऐकला की मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, कुठल्या वर्षीच्या टिळकांना? १८९२ मध्ये सरदार नानासाहेब खासगीवाले ग्वाल्हेरला गेले, तिथला दरबारी थाटाचा सार्वजनिक गणेशोत्सव त्यांनी पाहिला आणि परत येऊन तो भाऊसाहेब रंगारी आणि घोटवडेकर यांच्या कानावर घातला. खासगीवाले, रंगारी, घोटवडेकर ही सुरुवातीची तीन नावं. टिळकांनी ‘केसरी’तून या उपक्रमाची पाठराखण केली, १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात आपला गणपती बसवला आणि उत्सवाला राजकीय वजन दिलं. पहिला कोण, यावर २०१७ साली महापालिकेने उत्सवाचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव साजरा केला तेव्हा जो कज्जा झाला तो आठवा. रंगाऱ्यांचं १८९२ की टिळकांच्या नावावर सांगितलं जाणारं १८९३? माझ्या मते त्या वादात दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. ज्या उत्सवाचं जनकत्व तीन-चार जणांत वाटलं गेलं आहे, ज्याची कल्पना ग्वाल्हेरहून आली, ज्याला बळ एका वर्तमानपत्राने दिलं, तो उत्सव एकाच्या इच्छेने बांधला गेलेला नाही. मग त्याच्या मिरवणुकीचा निकाल एका माणसाच्या अपेक्षेवर कसा लावायचा?

शिवाय ती सुरुवातीची वर्षं आज आपण समजतो तेवढी सोज्वळही नव्हती. त्याआधी पुण्यात मोठी सार्वजनिक मिरवणूक म्हणजे मोहरमच्या ताबुतांची. त्यात हिंदू मोठ्या संख्येने असत, वाजवत, नाचत, नवस बोलत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली आणि पुढच्या वर्षी पुण्यातल्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवावी असा प्रचार झाला. गणपतीपुढचे मेळे म्हणजे पदं गाणारे ताफे, त्यांचे एकसारखे पोशाख, त्यांची पदं यांची ठेवण मोहरमच्या टोळ्यांशी मिळतीजुळती होती, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. १८९४ मध्येच दारूवाला पुलाजवळ मशिदीवरून वाजत जाण्यावरून मारामारी झाली. त्याच वेळी ज्याला आज तिसऱ्या मानाचं स्थान आहे, त्या गुरुजी तालमीच्या गणपतीची स्थापना १८८७ ची, आणि ती हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी मिळून केली अशी तिथली परंपरा आहे. म्हणजे एकाच रांगेत सलोखाही चालतो आहे आणि चुरसही. ‘पूर्वी कसं सगळं मंगल होतं’ म्हणणाऱ्यांनी ती रांग एकदा नीट पाहावी. जुन्या काळात अडचणी कमी होत्या असं अजिबात नाही. अडचण आली की त्या पिढीने बसून तिचा निकाल लावला, एवढाच काय तो फरक.

असा सगळ्यांत जुना निकाल क्रमाचा. कोणाचा गणपती पुढे, यावरून सुरुवातीच्या वर्षांतच रुसवेफुगवे झाले. टिळकांनी कौल दिला, की ग्रामदैवत कसबा गणपती पहिला आणि ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरीचा दुसरा. पुढे गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा, केसरीवाडा पाचवा अशी ओळ पक्की झाली. तुळशीबागेचा उत्सव १९०० च्या सुमाराचा, तेव्हा ही पाचांची ओळ एका बैठकीत कोरली गेलेली नाही, हे उघड आहे. ती घडत गेली. त्या ओळीतली माझ्या आवडीची गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्या शब्दाने क्रमाचा वाद मिटला त्यांच्या घरचा गणपती त्यात पाचवा आहे. सरदारापेक्षा, सावकारापेक्षा, पुढाऱ्यापेक्षा गावाचा देव आधी, हे तत्त्व त्या काळाच्या मानाने फार धीट होतं. त्या तत्त्वात वेळेबद्दल मात्र एक अक्षरही नाही. क्रम टिळकांनी लावून दिला, तास आपण वाढवले.

आता ‘परंपरेला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांकडे वळू. कुठल्या परंपरेला? मेळे हा एके काळी या उत्सवाचा प्राण होता. १९१० च्या सुमारास सरकारने त्यांच्यावर बंधनं आणली, १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांचा छत्रपती मेळा आणि ब्राह्मणी बाजूचा सन्मित्र मेळा एकमेकांची पदांमधून सालटी काढत होते आणि पेठांमध्ये त्यावरून डोकी फुटत होती. आज मेळा कुठे आहे? गेला. कोणी म्हटलं नाही की परंपरा बुडाली. मिरवणुकीची सुरुवात मंडईत टिळक पुतळ्याला हार घालून होते. तो पुतळा १९२४ चा, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिलेला, आणि तो उभारण्यालाही गावात विरोध झालेला. मंडईची इमारत स्वतः १८८० च्या दशकातली, गव्हर्नर रे यांच्या नावाची. ज्याला आपण अनादि समजतो त्यातलं निम्मं महापालिकेच्या कागदपत्रांत तारखेसह सापडेल.

आणि ढोल-ताशा. इथे मी जरा आपल्याच लोकांना दुखावणार आहे, कारण मी अकरा वर्षं ताशा वाजवला आहे आणि अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून वाजवलेल्या रात्री मला अजून आठवतात. ढोल-ताशा जुना आहेच. मुळशी-मावळातल्या गावांमधून पथकं पुण्यात यायची, पैसे घेऊन वाजवायची. पण शहरातल्या शाळा-कॉलेजातली मुलं, आणि पुढे मुली, गणवेश घालून, ओळी धरून, ध्वज नाचवत वाजवू लागल्या ती गोष्ट ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांची. साठ-सत्तरच्या दशकातली. तेव्हा नाकं मुरडणारे कमी नव्हते. भल्या घरची पोरं रस्त्यात ढोल बडवणार? मुली वाजवणार? आज तेच दृश्य पुण्याची ओळख म्हणून सगळीकडे दाखवलं जातं, आणि ‘डीजे नको, आपलं पारंपरिक ढोल-ताशा पथक हवं’ असं आपण छाती फुगवून सांगतो. ज्या पारंपरिकतेचा हा दाखला आहे तिचं वय माझ्या थोरल्या भावाएवढं आहे. याने पथकांची किंमत तसूभरही कमी होत नाही. उलट, ही मिरवणूक चांगला बदल पचवू शकते आणि तो आपलासा करू शकते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

आता समोरच्यांची बाजू. तिच्यात दम आहे आणि ती बहुतेक लेखांमध्ये चेष्टेवारी नेली जाते, म्हणून ती नीट मांडतो. पहिली गोष्ट, शहरातला रस्ता एरवी कोणाचा असतो? गाडीवाल्याचा, दुकानदाराचा, पुढाऱ्याच्या ताफ्याचा. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतला, लोहियानगरातला, भवानी पेठेतल्या चाळीतला पोरगा लक्ष्मी रस्त्यावरून एरवी जातो तो डिलिव्हरीची पेटी पाठीला लावून. वर्षातला एक दिवस तो तिथून मधोमध चालतो, त्याचा गणपती उंच रथावर असतो आणि दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या त्याच्याकडे बघत असतात. हे सुख मोजायचं मीटर ध्वनिप्रदूषणवाल्यांकडे नाही. दुसरी गोष्ट, आवाजाचा त्रास आपल्याला निवडक होतो. लग्नाच्या वरातीचा, क्रिकेटच्या विजयाचा, निवडणुकीच्या गुलालाचा आवाज आपण कान झाकून सोसतो आणि मंडळाचा ऐकून पत्र लिहितो. तिसरी, यावर पोट असणारी माणसं: बँडवाले, रथ सजवणारे, पानं ताणून देणारे ढोल-कारागीर, फुलवाले, ट्रॅक्टरवाले. चौथी गोष्ट मला सगळ्यांत जड वाटते. रोषणाईवाली मंडळं अंधाराची वाट पाहतात, कारण वर्षभराची वर्गणी त्यांनी त्या दिव्यांत घातलेली असते. त्यांना ‘दुपारी दोनला जा’ म्हणणं म्हणजे फटाके उन्हात उडवायला सांगणं.

हे चारही मुद्दे मला मान्य आहेत. पण मान्य केल्यावर पुढे काय येतं ते पाहा. रस्ता एक दिवस वस्तीतल्या पोराचा होतो म्हणता, तर त्याच्या वाट्याला तो किती वाजता येतो? मंडईपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत अंतर दोन किलोमीटरच्या आतबाहेर. रोजचा माणूस अर्ध्या तासात चालतो. मानाचे पाच त्यावरून जाता जाता संध्याकाळ होते. त्यामागे नामवंत मंडळं, प्रत्येकापुढे दोन-तीन पथकं, प्रत्येक पथकाला रांग जिथे लक्ष्मी रस्त्यावर शिरते त्या बेलबाग चौकात वाजवायचंय, कुंटे चौकात वाजवायचंय, उंबऱ्या गणपतीपाशी वाजवायचंय आणि अलका चौकात तर वाजवायचंच आहे, कारण तिथे कॅमेरे आहेत. तोवर सोन्या मारुती चौकाच्या मागे लागलेल्या रांगेत लहान मंडळांचे रथ आदल्या रात्रीपासून उभे असतात. पोरं रथावरच पेंगतात, वडापाव खातात, बॅटरी उतरते. त्यांच्या नशिबी येतो तो पहाटेचा रिकामा रस्ता. लांबलेली मिरवणूक गरिबाचा उत्सव वाचवते, हा दावा मला म्हणूनच पटत नाही. तो वेळ पहिल्यांच्या चैनीत जातो आणि त्याची किंमत शेवटचे मोजतात.

हिशेब कागदावर करून पाहू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे धरा. समजा लक्ष्मी रस्त्यावरून दीडशे मंडळं जातात. पहिली पाच बेलबाग चौक ओलांडायला चार तास घेतात. उरलेली १४५ प्रत्येकी दहा मिनिटं. झाले चोवीस तास दहा मिनिटं, आणि आधीचे चार, म्हणजे अठ्ठावीस तासांच्या वर. आता दहाच्या जागी सहा मिनिटं करा आणि पहिल्या पाचांच्या चार तासांचे दोन. साडेसोळा तास होतात. सकाळी सातला सुरुवात केली तर रात्री साडेअकराला शेवटचं मंडळ बेलबाग चौकातून पुढे गेलेलं असेल. मिरवणूक किती वेळ चालते हे कोण किती हळू चालतो यावर ठरत नाही. एका मंडळानंतर दुसरं त्याच चौकात किती मिनिटांनी येतं, यावर ते ठरतं. ज्याने कधी रेशनच्या रांगेत उभं राहून पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. खिडकीशी गप्पा मारत उभा राहणारा माणूस स्वतःचा वेळ घालवत नसतो, मागच्या सगळ्यांचा घालवत असतो.

आपण मात्र चौकातल्या मिनिटांकडे न पाहता घड्याळाच्या दुसऱ्याच काट्याशी खेळत बसलो आहोत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगतात. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं आणि गणपतीत वाढवतं. नियम योग्यच आहे. पण त्याचा लक्ष्मी रस्त्यावर काय परिणाम होतो? बारा वाजले की स्पीकर बंद होतात आणि स्पीकरवाली मंडळं जागची हलत नाहीत. मुकाट्याने लक्ष्मी रस्त्यावरून जायला त्यांनी एवढा खर्च केलेला नसतो. ती सहा वाजण्याची वाट पाहतात आणि सहाला पुन्हा भिंती थरथरू लागतात. आवाज आटोक्यात आणणाऱ्या नियमाने मिरवणूक सहा तासांनी लांबवली, असं हे त्रांगडं आहे. पहाटे सहाला खिडकीची तावदानं वाजायला लागली की माझ्या ऐंशी वर्षांच्या शेजारीणबाई उठून देवापुढे दिवा लावतात आणि म्हणतात, ‘अजून गेला नाही का रे तो? दमला असेल बिचारा.’ त्यांचा राग गणपतीवर नाही. खरं तर कोणाचाच नाही.

बदलायला गेलं तर मंडळं ऐकत नाहीत, असं पोलीसही खासगीत म्हणतात आणि पत्रकारही. हे खरं नाही, आणि त्याचा दाखला डोळ्यांसमोर आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीचा रथ वर्षानुवर्षं रात्र उलटून गेल्यावर यायचा. दिव्यांनी लखलखलेला तो रथ बघायला लोक रात्रभर थांबायचे, आणि सकाळी विसर्जन हाच शिरस्ता झाला होता. २०२३ मध्ये मंडळाने दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत यायचं ठरवलं आणि रात्री नऊच्या आत विसर्जन झालं. शहरातलं सर्वांत गर्दी खेचणारं मंडळ एका निर्णयाने रात्र सोडून दिवसात आलं. आकाश कोसळलं का? भाविक कमी झाले का? उलट लहान पोरांना खांद्यावर घेऊन आलेल्या बापांना पहिल्यांदाच तो रथ जागेपणी बघायला मिळाला. त्याआधी २०२० आणि २०२१ मध्ये तर मिरवणूकच नव्हती. मानाच्या गणपतींचं विसर्जन मांडवाजवळच, हौदात झालं. कसब्याचा मान कमी झाला, असं त्या दोन वर्षांत एकानेही म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. रस्त्यावर शून्य तास घालवूनही पहिला तो पहिलाच राहिला.

एवढ्या माणसांना शिस्त लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत एक दिवस चालावं. त्या सोहळ्याचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घडवलं. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस. लष्करी तळाची शिस्त त्याने भक्तीला लावली. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या आणि रथामागच्या ठरलेल्या, मुक्काम ठरलेले, विसाव्याच्या वेळा ठरलेल्या. आणि त्यातली सगळ्यांत शहाणी सोय तक्रारीची. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार काठी उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात, निकाल देतात, मग आरती. पुण्याच्या गल्लीतून हीच पालखी दरवर्षी जाते, आपण फुलं टाकतो, पाया पडतो, आणि तिच्याकडून एवढंसुद्धा उचलत नाही. आपल्याकडे तक्रार असलेलं मंडळ काय करतं? रथ आडवा लावतं.

तक्रार ऐकणारा चोपदार आपल्यात नाही, म्हणून मग ती न्यायालयात जाते, आणि तिथे तिचं काय होतं तेही आपण पाहिलं. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत असा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ढोल-ताशा पुण्याच्या काळजाचा विषय असल्याचं बोलून दाखवलं आणि गावभर पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. मलाही झाला. तीसचा आकडा मला आजही पटत नाही. तीस जण तीन तास उभे राहिले तर रांग थांबतेच आणि दोनशे जण चालत वाजवत गेले तर ती सरकते. पण स्थगिती म्हणजे शाबासकी नव्हे, हे आपण सोयीने विसरलो. बाहेरच्याने चुकीचा आकडा घातला तो अडवला, ठीक. मग आतल्यांनी बरोबर आकडा का घालू नये? २०२५ मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षी मानाच्या गणपतींमागे कोणी जायचं यावरून मंडळांमध्येच उघड भांडण झालं. दर्जा वरून मिळाला, पण शेजाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं औदार्य काही त्यासोबत आलं नाही.

मिरवणूकच नको म्हणणाऱ्यांशी माझं फार भांडण नाही, कारण त्यांना ती समजलेलीच नाही. त्यांना एवढंच विचारतो, की एकाच रस्त्यावर कसब्याची चांदीची पालखी, तालमीचे पैलवान, वकिलांची मुलं, भाजीवाल्यांची मुलं आणि पंढरीला चालत जाऊन आलेल्या आज्या ज्या दिवशी एकत्र येतात असा दुसरा दिवस या शहरात कुठला उरला आहे? मॉलमध्ये येतात? मतदानाच्या रांगेत येतात, पण तिथे कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. लेझर मात्र माझ्याही हिशेबात बसत नाही. २०२३ च्या मिरवणुकीनंतर डोळ्यांच्या दवाखान्यात पोरं गेली, पुढच्या वर्षी पोलिसांनी लेझरवर बंदी आणली, आणि ती बंदी ज्यांना जाचते त्यांनी आपल्या डोळ्यांवर ते दिवे पाच मिनिटं रोखून घ्यावेत.

मग करायचं काय? पाच मानाच्या मंडळांनी स्वतः जाहीर करावं, कुणाच्या नोटिशीची वाट न पाहता, की बेलबाग चौक आम्ही अमुक मिनिटांत ओलांडू आणि चालता चालता वाजवू, उभं राहून वाजवायचं ते एकाच ठरलेल्या ठिकाणी. पहिल्यांनी पाळलं की मागच्यांना ‘आम्हीच का’ म्हणायला जागा राहत नाही. आज त्यांना ती जागा आहे आणि ती रास्त आहे. प्रत्येक मंडळाला पथक एकच. सुरुवात सातला. मानाच्या पाचांनंतरचा क्रम दरवर्षी चिठ्ठीने, म्हणजे यंदा शेवटचा असलेल्याला पुढल्या वर्षी दुपारी चारचा रस्ता मिळायची आशा राहील. रोषणाईवाल्यांना संध्याकाळी सातनंतरचा सलग पट्टा राखून द्यावा, कारण त्यांचा युक्तिवाद खरा आहे. टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता हे मार्ग आहेतच. तिथे जायला मंडळं कमीपणा मानतात, कारण स्वागताचे मांडव, पाहुणे, कॅमेरे सगळे लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी जमतात. थोडे पाहुणे तिकडे पाठवा, कमीपणा आपोआप कमी होईल. हे सगळं उत्सवाच्या आठवडाभर आधी, घाईघाईच्या बैठकीत ठरत नाही. ते दिवाळीनंतर, डोकी शांत असताना बसून लिहून काढावं लागतं.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या दिवशी दुपारी अलका चौकात मुद्दाम थांबलो होतो. रांगेतलं अगदी शेवटचं मंडळ मला बघायचं होतं. महापालिकेचे सफाई कामगार एव्हाना चपलांचे ढीग टेम्पोत भरत होते. रस्ता धुतला जात होता. एक ट्रॅक्टर, त्यावर चार फुटांची मूर्ती, पुढे बारा-चौदा पोरं, एकाच्या गळ्यात ताशा, आवाज बसलेले. गुलाल वाळून चेहऱ्यांवर भेगा पडलेल्या. स्वागताच्या मांडवात खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. ताशावाल्याने मांडवाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि तिथे उभं राहून त्याने तरीही एक पूर्ण हात वाजवला. आम्ही सात-आठ जण होतो. टाळ्या वाजवल्या. फुटपाथवरच्या फुलवालीने तिच्याकडे उरलेला शेवंतीचा हार उचलला आणि ट्रॅक्टरवर चढून घातला.